आवाज बसला त्या वर्षीचं नाटक

माझ्या बायकोचा मला हेवा वाटतो, हे एक वाक्य कागदावर उतरवायला मला तीन वर्षं लागली. लोक शेजाऱ्याचा हेवा करतात, सख्ख्या भावाचा करतात, दफ्तरात मागून येऊन पुढे गेलेल्या माणसाचा करतात. ते खपून जातं. पण जिच्या हातचं दोन वेळ जेवतो तिच्यावरच जळणाऱ्या माणसाला काय म्हणावं! मी तसा आहे. आता लपवूनही काही उपयोग नाही, कारण जिच्यापासून लपवायचं तिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आदिलाबादेत आमचं मराठी माणसांचं एक लहानसं मंडळ आहे. कुणाचे पणजोबा निजामाच्या काळात पटवारगिरीला आले, कुणाचे कापसाच्या मागे आले, आणि इथलेच झाले. आता कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवतो, कुणाचं किराणा दुकान आहे, कुणी गावाबाहेर मळा करून रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, भाजी विकतो. मी तहसिलीत. पाडव्याच्या संध्याकाळी मंडळाचं नाटक होतं. तेलुगू शेजाऱ्यांची त्याच दिवशी उगादी असते. तेही येतात, डब्यातून कडुलिंबाच्या फुलांची पच्चडी घेऊन येतात, आणि अर्धं कळलं नाही तरी शेवटपर्यंत बसतात. हे नाटक एकवीस वर्षं मी लिहिलं आणि मीच बसवलं. आता दुसऱ्या कुणाला बसवू द्या, असं कुणी कधी म्हटलं नाही. म्हणायची टाप होती कुणाची?

माझी पद्धत सांगतो. दफ्तरातला एक जुना गोल लाकडी रूळ माझ्या हातात असायचा. पूर्वी रजिस्टरात रेघा मारायला असे रूळ असत. आता रेघा छापूनच येतात, म्हणून मी तो टेबलावर आपटायला वापरायचो. कोण कुठे उभं राहणार हे मी आमच्या अंगणात चुन्याने आखून ठेवत असे. आखणीबाहेर पाय गेला की रूळ. वाक्य चुकलं की रूळ. 'आम्ही'च्या जागी 'आमी' आलं की रूळ, आणि वर माझं लहानसं व्याख्यान. मी स्वतः घरात 'आमी'च म्हणतो, ती गोष्ट वेगळी.

प्रयोगाच्या दिवशी मी डाव्या विंगेत वही घेऊन उभा. तिथून प्रत्येक वाक्य आधी मी बोलायचो, नट मागून बोलायचे. हळू आवाजात नव्हे, चांगलं खणखणीत. पहिल्या तीन रांगांना नाटक दोनदा ऐकू यायचं. यातून झालं काय, तर एकवीस वर्षांत आमच्या एकाही नटानं वाक्यं पाठ केली नाहीत. कशाला करतील? डावीकडे कान लावून उभं राहायचं, साहेब देतील ते म्हणायचं. बाहेरगावच्या माणसानं पाहिलं असतं तर विचारलं असतं, की बाबा, या गावच्या नाटकात सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वाकड्या का? आम्हाला ते कधी खटकलं नाही. मला तर त्या वाकड्या माना बघून आपण किती लागतो या लोकांना, असं वाटून बरं वाटायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत माझा आवाज बसला. कापसाचे दिवस, मार्केट यार्डाच्या रस्त्यावर रुई उडत असते, त्यात रोज संध्याकाळचं तालमीतलं माझं ओरडणं. आधी आवाज घोगरा झाला, मग फाटला, मग एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. घशाच्या डॉक्टरनं आत नळी घालून पाहिलं. लहानशी गाठ आहे, गप्प राहिलात तर जाईल, असं म्हणाला आणि बोट वर करून बजावलं, "ओक्क माट कूडा वद्दु." एक शब्दसुद्धा नको. महिनाभर. कुजबुजही नको, ती तर आणखी वाईट. बायको शेजारी बसून मान डोलवत होती. येताना तिनं बाजारातून माझ्यासाठी एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा घेतला. पाटी! तहसिलीतला सीनियर माणूस मी, आणि गळ्यात पाटी अडकवायची तेवढी बाकी राहिली होती.

त्याच संध्याकाळी मंडळाची माणसं अंगणात जमली. किराणा दुकानदार म्हणाला, "या साली राहू द्या नाटक. साहेबाचा आवाज नाई तं काय होते?" ऐकून माझ्या जिवाला गार वाटलं. हेच ऐकायचं होतं मला. तेवढ्यात आमचा नायक बोलला. नायक म्हणजे रैतू बाजारातला भाजीवाला. पंचेचाळिशीचा, उंचपुरा, आवाज असा की मागच्या भिंतीवर आपटून परत यावा. पाठांतराच्या नावानं मात्र बोंब. शर्टाच्या खिशात नेहमी सुतळीचे तुकडे, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचे. तालमीत ते खाली पडायचे आणि मी ओरडायचो, "हे दुकान आहे का तुझं?" तर तो म्हणाला, "वैनीले सांगा ना. वैनीले तं सारं येते."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. एकवीस वर्षं ती तालमीला चहा आणून देत होती आणि स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हिला काय येतं?' आणि पाटी तिच्यापुढे धरली, म्हणजे तिनंच वाचून दाखवावं आणि विषय संपावा.

तिनं वाचलं. पदराचं टोक घेऊन पाटी स्वच्छ पुसली. मग लोकांकडे वळून म्हणाली, "हे म्हणून राह्यले, करून पाहा."

आता बोला! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण मस्तकातून बाहेर पडायला आवाज कुठे होता?

त्या वर्षीचं माझं नाटक एका बापाचं होतं. मुलगी नोकरीसाठी हैदराबादला निघते, बापाला ते नको असतं, दोन अंक तो तिच्याशी भांडतो आणि शेवटी तिला निरोप देतो. हे निरोपाचं बोलणं मी बावीस ओळींचं लिहिलं होतं. आजवर लिहिलेल्या सगळ्यात ते मला जास्त प्रिय होतं. आमची स्वतःची मुलगी हैदराबादला गेली त्या दिवशी माझ्याकडे दफ्तरात एक मोठी पेशी, म्हणजे सुनावणी, होती, मी स्टेशनवर गेलो नव्हतो. तेव्हा जे बोललो नाही ते सगळं मी त्या बावीस ओळींत भरलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोनं वहीतली ती पानं वाचली तेव्हा ती पानांवर थोडा वेळ हात ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी तिची तालीम सुरू झाली, म्हणजे मला तरी ती तालीम वाटली नाही. बायकोनं अंगणात सतरंजी टाकली आणि मधोमध ओल्या हरभऱ्याच्या टहाळ्यांचा ढीग ओतला. सगळ्यांना बसवलं. म्हणाली, "घाटे सोला अन् सोलता सोलता आपापलं वाक्य म्हणा. चुकलं तं चुकलं. हाताचं काम थांबवू नोका."

मी खुर्चीवरून उठलो, पाटीवर लिहिलं, 'हे नाटक आहे की वाळवण?' तिनं वाचलं, हसली आणि एक टहाळा माझ्या मांडीवर ठेवला. मी तो तसाच खाली टाकला.

आणि ते लोक सोलायला लागले हो. भाजीवाल्याच्या बोटांना तर ते काम पाठच. त्याच्या हातातून घाटे फुटत होते आणि तोंडातून वाक्यं येत होती, अडखळत, मागे-पुढे, पण येत होती. कुणी विसरला की बायको सांगत नसे. ती नुसती थांबायची. मला ते थांबणं सहन व्हायचं नाही. वाक्य माझ्या ओठावर येऊन ठेपायचं, मी रूळ उचलून खुर्चीच्या हातावर आपटायचो, सगळे दचकायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "अहो, घाबरतात ते. घाबरलेल्या माणसाले काई आठवत नाई." माझ्या हातातून रूळ तिनं हिसकावला नाही. हात पुढे करून उभी राहिली. किती वेळ राहिली असेल! शेवटी मीच दिला. तिनं तो नेऊन कपाटावर ठेवला, कपड्यात गुंडाळून, जसा काही देव्हाऱ्यातलाच आहे.

आठ दिवसांत अंगणाचं रूपच पालटलं. मुलीचं काम करणारी बँकेतली पोरगी तालमीच्या आधीच येऊन बसायला लागली. किराणा दुकानदार, जो एकवीस वर्षांत कधी वेळेवर आला नव्हता, तो वेळेच्या आत यायचा आणि येताना गूळ-शेंगदाणे घेऊन यायचा. लोक हसायचे. माझ्या अंगणात, माझ्या नाटकाच्या तालमीत हसायचे! माझ्यापुढे कधी कुणाचे दात दिसले नव्हते. चुन्याच्या खुणा पावलांनी पुसून गेल्या, पुन्हा कुणी आखल्या नाहीत. बायको प्रत्येकाला विचारायची, "तुले कुठं उभं राहावंसं वाटते?" पोरगी म्हणायची, "काकू, मी दाराजवळ उभी राहू का? मले जायचं आहे ना." आणि मी खुर्चीत बसून पाहायचो की खरंच, ती दाराजवळच शोभते. मी तिला चुन्यानं मधोमध उभं केलं होतं.

पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. खरंखुरं दुखायचं. जेवण जायचं नाही. तिला वाटायचं घशामुळे, म्हणून ती मऊ भात करून द्यायची, आणि तो भात मला आणखी टोचायचा. इतकी वर्षं ती माझ्या मागे उभी आहे असं मी समजत होतो, आणि ती तर माझ्याहून चांगलं हे काम जाणत होती. मग आधी का नाही बोलली? बोलली असती तर मी काय केलं असतं, हेही मला माहीत होतं. म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची.

एकदा मात्र मला वाटलं, आता बघू हिचा मऊपणा कुठवर पुरतो. भाजीवाला शेवटच्या बावीस ओळींत रोज अडकत होता. चार वाक्यं यायची, पाचव्याला गाडी बंद. किराणा दुकानदार वैतागला. म्हणाला, "वैनी, हा नाई करू शकत. याच्या जागी दुसरा घ्या. माहा साडू आहे, पाठांतरात पक्का." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही लगेच पाटीवर लिहिलं, 'बदला.' भाजीवाला खाली मान घालून टहाळ्याची पानं खुडत बसला होता. तेवढा मोठा माणूस, पण शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता.

बायकोनं हातातला घाटा सोलून दाणा वाटीत टाकला. म्हणाली, "बदलायचं नाई."

"पण वैनी, प्रयोग पडला तं मंडळाचं नाव—"

"नाई म्हटलं ना भाऊ." आवाज तोच, चहा देतानाचा. चढला नाही, उतरला नाही. पुढचा घाटा तिनं उचलला, आणि विषय संपला. मी हेच रूळ आपटून सांगितलं असतं तर अर्धा तास वाद झाला असता आणि दोघं जण उठून गेले असते. हे तिला कुठून येतं, असं मला तेव्हा ओरडून विचारावंसं वाटलं.

पाडव्याला आठ दिवस होते तेव्हाची गोष्ट. सकाळी न्हाणीत अंगावर पहिला तांब्या घेतला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "हर गंगे!" स्पष्ट. स्वच्छ. मी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. पुन्हा म्हणून पाहिलं. आवाज आला होता, थोडा पातळ, पण माझाच. त्या आनंदात मी तिसऱ्यांदा म्हणालो, जरा जोरात.

मग मी अंग पुसलं, बाहेर आलो आणि पाटी गळ्यापाशी धरून लिहिलं, 'चहा.'

का असं केलं? वकिली करत नाही, सरळ सांगतो. आवाज आला म्हटलं असतं तर नाटक परत माझ्या हाती घ्यावं लागलं असतं, आणि लोकांचे पडलेले चेहरे पाहावे लागले असते. किंवा त्याहून वाईट, ते म्हणाले असते, साहेब, तुम्ही आराम करा, वैनी करून राह्यल्या ना. यांतलं काहीच मला नको होतं. मला हवं होतं ते वेगळंच. मला तिचं नाटक पडायला हवं होतं. सगळ्या गावासमोर भाजीवाल्यानं पाचव्या वाक्याला अडकावं, डावीकडे मान वळवावी, आणि डावीकडून काहीही येऊ नये. मग कळलं असतं सगळ्यांना, की हा माणूस विंगेत उभा राहून काय करत होता ते. माझं नाव, माझी जागा, एकवीस वर्षं, सगळं त्या एका शांततेवर मी पणाला लावलं होतं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या तुमी डावीकडच्या विंगेत बसा. वही घेऊन. तुमची जागा आहे ते."

मी पाटीवर लिहिलं, 'आवाज नाही.'

तिनं ते दोन शब्द वाचायला जरा जास्तच वेळ लावला. म्हणाली, "बरं. तरी बसा."

पाडव्याच्या दिवशी फंक्शन हॉल गच्च भरला होता. दोन्ही कूलर सुरू होते तरी लोक पत्रिकांनी वारा घेत होते. आमच्यात पडदा उघडायच्या आधी नाटक बसवणारा माणूस नारळ फोडतो. मंडळातल्या ज्येष्ठांनी नारळ माझ्यापुढे धरला. बायको शेजारी उभी होती, तिनंही मान हलवून फोडा म्हणून खुणावलं. मी तिच्याकडे बोट दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, केवढं मोठं मन म्हणून. मन कसलं! जो नारळ फोडतो त्याच्या नावावर नाटक पडतं, म्हणून मी दाखवलं बोट. तिनं एका घावात फोडला आणि जाऊन प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसली. नाटक बसवणारा माणूस प्रेक्षकांत बसलेला आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता.

पहिला अंक बिनबोभाट गेला. दुसराही चालला. माना सरळ होत्या. पोरगी दाराजवळ होती. किराणा दुकानदारानं दोनदा हशा घेतला. मी विंगेतल्या स्टुलावर वही उघडून बसलो होतो, शेवट जवळ येत होता.

भाजीवाला मुलीसमोर उभा राहिला. पहिलं वाक्य आलं. दुसरं आलं. तिसरं, चौथं. आणि थांबला.

पाचवं वाक्य माझ्या जिभेवर होतं. माझंच होतं ते. 'तू गेल्यावर या घरात तुझा आवाज शोधत फिरण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही, असं मी समजत होतो.' एवढंच बोलायचं होतं. त्याची मान थोडी डावीकडे वळली, अगदी थोडी. हॉलमध्ये कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. बायको इकडेच पाहत होती. मला वाटलं, ती त्याच्याकडे पाहते आहे, आता घाबरली असेल. मी तोंड मिटलं. मिटलं एवढंच नाही, स्टूल मागे सरकवून विंगेच्या कापडाआड गेलो, म्हणजे त्याला मी दिसूही नये.

आत्ता लिहिताना हे वाक्य मी दोनदा खोडलं. तेव्हा मात्र एकदाही अडखळलो नाही.

कापडाच्या फटीतून मी पाहत होतो. भाजीवाल्यानं मान सरळ केली. मुलीच्या पायाशी तिची बॅग होती, चेन तुटलेली, मंडळाच्या सामानातली जुनी. त्यानं ती बॅग पाहिली. मग खाली बसला. खिशात हात घातला आणि सुतळीचा तुकडा काढला. बॅगचं तोंड दोन्ही हातांनी जवळ आणलं, त्याला सुतळीचे दोन वेढे दिले, आवळली, गाठ मारली. जुडी बांधतात तशी. उरलेलं टोक दातांनी तोडलं. गाठ ओढून पाहिली, पक्की आहे का. पुन्हा एकदा पाहिली. बॅग उचलून पोरीच्या हातात दिली आणि म्हणाला, "जाय, बाई."

माझ्या बावीस ओळींतल्या अठरा तिथं गेल्या. 'जाय, बाई' हे शब्द तर माझ्या वहीत नव्हतेच.

पोरगी खरोखर रडायला लागली. पडदा पडला तरी लोक उठेनात. शेवटच्या रांगेतले एक तेलुगू आजोबा, ज्यांना मराठी ओ की ठो येत नाही, ते चष्मा काढून डोळे पुसत होते आणि शेजाऱ्याला "चाला बागुंदि, चाला बागुंदि", फार छान, फार छान, म्हणत होते. मंडळाचे ज्येष्ठ विंगेत आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "पाटीवर लिहून दाखवता आलं असतं तुमाले, पण तुमच्यासारखा माणूस गप्प राह्यला! नाटकासाठी स्वतःचं वाक्य गिळलं! याले म्हणतात ताकद." मी पाटी छातीशी धरून उभा होतो.

मग भाजीवाला आला. मेकअप घामानं उतरला होता. तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकलो. तो म्हणाला, "साहेब, तुमी माह्यावर भरवसा ठेवला. आजवर कोणीच ठेवला नाई. म्हणूनच मले जमलं."

कसला भरवसा? कुणी ठेवला? मला काही कळेना.

घरी आलो. तिनं गुढीची साखरेची गाठी फोडून वाटीत ठेवली होती, एक तुकडा माझ्यापुढे केला. मी तो घेतला नाही. मी म्हणालो, हो, बोललोच, "तू त्या भाजीवाल्याला काय सांगितलं होतंस?"

ती दचकली नाही. मी महिन्यानं बोललो होतो, तरी 'आवाज आला?' असं तिनं विचारलं नाही.

"सांगितलं की अडकला तं डावीकडून काई येणार नाई. साहेब मुद्दाम काई सांगणार नाईत, पाटीवरबी नाई, त्यायचा तुह्यावर भरवसा आहे. शब्द गेले तं जाऊ दे, हाताले काम दे. हात इसरत नाईत."

"तुला कसं माहीत, मी बोलणार नाही म्हणून?"

"आठ दिवसांपयले न्हाणीतून तुमचा आवाज आला. तीनदा आला. मी चहाचं आधण ठेवून वाट पाहत होती, की आता बाहेर येऊन मले हाक मारतीन." ती वाटीतले साखरेचे बारके तुकडे बोटानं एका बाजूला करत होती. "तुमी पाटीवर 'चहा' लिहिलं."

मग मी चिडलो. चोरी पकडली गेली की चिडतोच माणूस. "मग तेव्हाच का नाही बोललीस? भांडायचं होतंस! सगळ्यांना सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तं तुमी बोलले असते. लाजेकाजेनं. तसं बोलून काय फायदा?" तिनं वाटी पुढ्यात ओढली. "म्हणून तं विंगेत बसा म्हटलं. वाटलं, ऐन टायमाले तरी बोलतीन. तो थांबला तवा मी त्याच्याकडं नाई पाह्यलं. त्याची मले काळजी नव्हती. मी तुमच्याकडं पाहून राह्यली होती."

कापडाआड स्टूल सरकवलं, ते तिनं पाहिलं होतं.

"राग नाही आला तुला?" मी विचारलं.

"आला ना. आताबी आहे. काऊन नाई येणार?" ती म्हणाली, त्याच आवाजात. "पण तो माहा राग आहे. त्याच्यापायी त्या माणसाचं काम काऊन खराब करू?" आणि तिनं साखरेचा तोच तुकडा पुन्हा माझ्यापुढे केला. या वेळी मी घेतला.

माणसं सुधारतात म्हणे अशा वेळी. मी नाही सुधारलो. त्या क्षणी मला लाज वाटली, खूप वाटली, पण लाजेच्या खाली हेवा तसाच होता, उलट वाढला होता. ती माझ्यावर ओरडली असती तर आम्ही बरोबरीला आलो असतो. एवढा राग पोटात ठेवून जी बाई माझ्या कपटातून दुसऱ्यासाठी भरवसा तयार करते, तिची बरोबरी मी कुठल्या जन्मी करणार? पाटीवर 'हिला काय येतं' लिहिलं होतं, त्याचं उत्तर मला मिळालं होतं.

नाटक आता तीच बसवते. मी लिहितो. निरोपाची बोलणी आता चार-पाच ओळींची असतात. रूळ अजून कपाटावर आहे, कपड्यात गुंडाळलेला. तालमीला मी सतरंजीवर बसून घाटे सोलतो आणि ती कुणाला "तुले काय वाटते?" असं विचारते तेव्हा अजूनही माझ्या पोटात बारीकशी कळ येते.

भाजीवाल्याला मात्र मी खरं सांगितलेलं नाही. दर रविवारी रैतू बाजारात जायचं, त्याच्या गाळ्यापुढे उभं राहायचं, सांगायचं म्हणून जायचं. तो मला पाहिलं की उठून उभा राहतो. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना सांगतो, हे आमचे साहेब, यायनं माह्यावर भरवसा ठेवला. मग कोथिंबिरीची चांगली मोठी जुडी बांधतो, सुतळीचं टोक दातांनी तोडतो आणि माझ्या पिशवीत टाकतो. किती नको म्हटलं तरी ऐकत नाही. मी ती घेऊन घरी येतो. बायको जुडीची सुतळी सोडते, बोटाभोवती गुंडाळते आणि फडताळातल्या डब्यात ठेवते. डबा आता भरत आला आहे.